चूक पदरात घेताना

गेल्या हिवाळ्यात एका जिल्ह्याच्या गावी भरलेल्या महिला बचत गटांच्या प्रदर्शनात मी एका गोधडीपुढे बराच वेळ उभी होते. चारी बाजूंनी जुन्या इरकली लुगड्याचे काठ फिरविलेले, मध्ये निळ्या व करड्या तुकड्यांची मांडणी केलेली, आणि हात लावण्यापूर्वीच जिचा मऊपणा डोळ्यांना कळावा अशी ती गोधडी होती. माझ्या आधी एक सुविद्य गृहिणी ती हातात घेऊन बारकाईने पाहत होत्या. एका कोपऱ्यात धावदोऱ्याच्या ओळी किंचित तिरप्या होऊन शेजारच्या ओळींना जाऊन मिळाल्या आहेत, हे ध्यानात येताच त्यांनी गोधडी खाली ठेवली आणि "इथं चुकलंय हो," एवढेच बोलून त्या पुढच्या मांडणीकडे वळल्या. जिने ती शिवली होती ती साठीच्या घरातली बाई यावर काहीच बोलली नाही. तो कोपरा आत जाईल अशा बेताने तिने गोधडीची नव्याने घडी घातली आणि ती थप्पीत सर्वांत खाली सारली. थोड्या वेळाने गटाच्या प्रशिक्षिका आल्या व पुढच्या खेपेस खडूने रेघा आखून घेण्याची ताकीद देऊन गेल्या.

त्या घडीचे मला फार वाईट वाटले, आणि त्या ताकिदीला माझी हरकत आहे. ही तिचीच कैफियत.

कुणाच्या चुकीची क्षमा करावयाची तर ती आपण 'पदरात घेतो' किंवा 'पोटात घालतो'. गोधडी शिवणाऱ्या बाईच्या बाबतीत हे दोन्ही वाक्प्रचार शब्दशः खरे ठरतात, कारण तिच्या हाताखाली खरोखरच कुणाचा तरी पदर असतो आणि तिच्या गोधडीला खरोखरच पोट असते; फाटलेले, विटलेले, मापात न बसणारे जे काही घरात उरले असेल ते सारे ती त्या पोटात घालते. पण म्हणून ती हरएक चूक पदरात घेते असा समज कुणी करून घेऊ नये. कोणती चूक उसवायची आणि कोणती राहू द्यायची, याचा तिच्याजवळ एक कायदा असतो. तो कुठल्या दप्तरी लिहिलेला नसला तरी त्याचा अंमल अतिशय कडक असतो, आणि माझी तक्रार अशी की, तो समजून घेण्याची तसदी न घेता आपण त्याच्या जागी शिलाईयंत्राची फूटपट्टी आणून बसविली आहे.

देशावर जिला गोधडी म्हणतात आणि कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ, ती शिवण्याची रीत पाहणाराला अगदी साधी वाटते. जमीन स्वच्छ करून तिच्यावर एक जुने लुगडे सपाट अंथरावयाचे, ते सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा, भरलेला तांब्या असे हाताशी असेल ते वजन ठेवावयाचे. त्यावर फाटकी धोतरे, सदऱ्यांच्या पाठी, विटलेल्या चादरी असे पोटातले थर एकावर एक पसरावयाचे आणि सर्वांवर पुन्हा एक लुगडे किंवा तुकड्यांची जोडणी घालावयाची. मग मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी सारे थर एकमेकांत टाचून घेऊन, काठाकडून आत आत येत धावदोऱ्याच्या ओळी घालावयाच्या. 7 फूट लांब व 5 फूट रुंद अशा गोधडीवर इंचाइंचाच्या अंतराने लांबीच्या दिशेने ओळी घातल्या, तर 60 ओळींची मिळून 420 फूट शिवण होते. इंचाला तीन टाके धरले तरी टाक्यांची संख्या 15,000 च्या वर जाते. हे काम एका बैठकीत होत नाही. स्वयंपाक, गुरे, शेत, आजारपण, पाहुणे यांच्यामधून जी दुपार उरेल त्या दुपारी ते चालते, कधी शेजारीण येऊन दोन ओळी घालून जाते, कधी संध्याकाळचा उजेड ओळ संपण्यापूर्वीच संपतो. अशा 15,000 टाक्यांत एकही टाका वाकडा पडू नये ही अपेक्षा मनुष्याच्या हाताकडून करणे मला न्यायाचे वाटत नाही.

माझी पहिली चूक मला चांगली आठवते. बारा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी मावशीच्या होणाऱ्या बाळासाठी दुपटे शिवण्याचा मी हट्ट धरला, आणि आजीने आजोबांचे पांढरे, वापरून वापरून लोण्यासारखे झालेले धोतर माझ्या हवाली केले. त्या सबंध पांढऱ्या विस्तारात काहीतरी शोभेचे असावे म्हणून मी पेटीतून नव्या कोऱ्या तांबड्या खणाचा तुकडा काढला, तो पाण्यातून न काढताच मधोमध बसविला, आणि शिवण्याच्या उतावळेपणात थर टाचून घेण्याचे कंटाळवाणे कामही गाळले. चार दिवसांत दुपटे पुरे झाले. आजीने ते मांडीवर घेतले, डोळे दुसरीकडेच ठेवून दोन्ही तळहातांच्या मध्ये ते हळूहळू सरकवीत नेले, आणि एका जागी तिचे हात थांबले. आतला थर सरकून तिथे त्याची चुणी पडली होती. वरून पाहणाराला काहीसुद्धा दिसत नव्हते.

"हे उसव," ती म्हणाली. "बाळाच्या पाठीला रुतेल."

मी रडत रडत अर्ध्याहून अधिक ओळी उसवल्या, या खेपेस थर नीट टाचून घेतले, आणि पुन्हा शिवले. मग दुपटे पहिल्यांदा धुण्यात गेले आणि खणाचा तांबडा रंग भोवतालच्या पांढऱ्यावर वीतभर पसरला. शिवाय कोरे कापड पाण्याने आटल्यामुळे मधला भाग जरासा गोळा झाला. आता हेही सारे उसवावे लागणार, या भयाने मी ते आजीपुढे धरले. तिने ओले दुपटे हातात घेऊन आटलेल्या जागेचे टाके नखाने चाचपले, ते धड आहेत अशी खात्री करून घेतली, आणि ते माझ्या हाती परत दिले.

"राहू दे. डागानं थंडी वाजत नाही."

माझ्या ओळी वाकड्या होत्या. एक तर इतकी वाकडी होती की ती दुपट्याच्या मध्यावर येऊन चक्क मागे वळली होती. तिच्याबद्दल आजीने तेव्हाही आणि नंतरही एक अक्षर काढले नाही. जी चूक कुणाला दिसत नव्हती ती तिने उसवायला लावली, आणि जी साऱ्या घराला दिसत होती ती तिने तशीच ठेवली, हा निवाडा त्या वयात मला विलक्षण वाटला होता. पुढे स्वतः बऱ्याच गोधड्या शिवल्यावर त्यातली संगती उमगली. निजणाराच्या अंगाशी जिचा संबंध येतो आणि वस्त्राच्या आयुष्याशी जिचा संबंध येतो, ती चूक मोठी. नुसत्या पाहणाराच्या नजरेशी जिचा संबंध येतो, तिचा विचार सवडीने करावा.

या निवाड्यामागे आणखी एक कारण होते, आणि ते कापडाच्या स्वभावातले आहे. नव्या कापडावरची शिवण उसवली तर सुईची छिद्रे दोन धुण्यांत बुजून जातात. परंतु वीस वर्षे नेसून झालेल्या लुगड्याचे सूत इतके विरलेले असते की टाका ओढून काढताना त्याच्याबरोबर धागाही तुटतो, छिद्र रुंदावते, आणि त्याच जागी दुसऱ्यांदा सुई घातली की तिथे फाट पडते. म्हणजे चूक दुरुस्त करण्याची किंमत ते जुने वस्त्र मोजत असते. निष्काळजीपणे शिवणाऱ्या बाईमुळे गोधडी जितकी खराब होते, त्याहून अधिक ती निर्दोषपणाच्या नादाने पुन्हा पुन्हा उसवणाऱ्या बाईमुळे होते, असे मी अनुभवाने म्हणते. ज्या हाताला केव्हा थांबावे हे कळते तो हात शिकलेला.

प्रदर्शनातल्या त्या बाईंना मी नंतर त्या तिरप्या कोपऱ्याबद्दल विचारले. घडी केलेली गोधडी त्यांनी थप्पीखालून पुन्हा काढली, आणि तो कोपरा उजेडाकडे धरला. काठालगतचा वीतभर भाग इतका झिरझिरीत झाला होता की पलीकडचा दिवा त्यातून स्पष्ट दिसत होता. "हितं साडी पार विरलीय, ताई," त्या म्हणाल्या. "सरळ गेले असते तर टाका धरला नसता. म्हणून जरा वळवून घट जागेतनं नेली. उसवाय गेले असते तर हातातच आली असती." ज्याला चूक ठरवून एका ग्राहकाने माल नाकारला होता आणि प्रशिक्षिकेने ताकीद दिली होती, तो वास्तविक एका जाणत्या हाताने पुरा विचार करून घेतलेला निर्णय होता. त्याचा खुलासा मात्र त्यांना कुणीही विचारला नव्हता.

गोधडीची खरी परीक्षा प्रदर्शनात होतच नाही. भाद्रपदात घटस्थापनेपूर्वी घर झाडून-सारवून सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे आहे, तीच तिची वार्षिक तपासणी. भिजलेली गोधडी एका माणसाला उचलत नाही. ती खडकावर पसरून पायांनी तुडवितात, मग दोघीजणी दोन टोकांना धरून उलट दिशांनी पीळ देतात, आणि त्या पिळात तिचे सारे गुणदोष बाहेर येतात. जिच्या दोऱ्याची गाठ नीट बसलेली नाही तिची ओळ तिथे सुटते. जिचे थर टाचलेले नाहीत तिच्या पोटातले कापड एका बाजूला गोळा होते. जिच्या पोटात कोरे व जुने शेजारी शेजारी आले आहे तिच्यात कोरे आटते आणि जुन्याला ओढून फाडते. टाका वाकडा होता की सरळ, याची दखल त्या पिळात घेतली जात नाही. आजी जेव्हा डोळे न वापरता तळहातांनी माझे दुपटे तपासत होती, तेव्हा नदीवर जे होणार होते ते ती आधीच करून पाहत होती.

आमच्या घरी तिने शिवलेली शेवटची गोधडी आहे. तिच्या कडेच्या ओळी बोटभर अंतराने, एकसारख्या आणि घट्ट आल्या आहेत. पण जसजसे मध्याकडे यावे तसतसे अंतर वाढत जाते, टाके लांब होत जातात, आणि शेवटच्या हातभर जागेत ओळी कधी एकमेकींवरून गेल्या आहेत तर कधी मध्ये चार बोटे जागा कोरीच राहिली आहे. त्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि सुईत दोरा ओवून देण्याचे काम माझ्याकडे होते. ओळींमधले अंतर चुकले, पण गाठ एकही चुकली नाही. ती गोधडी आजही पिळाला टिकते. तिच्या त्या वर्षाचा याहून विश्वसनीय दस्तऐवज आमच्याजवळ दुसरा नाही, आणि कुणी त्या मधल्या ओळी सरळ करून देऊ म्हणाले तर मी त्यांना सुई लावू देणार नाही.

एवढे म्हटल्यावर एका भलत्याच मताशी माझी गाठ घातली जाण्याचा संभव आहे, म्हणून तेही स्पष्ट करते. अमेरिकेतील आमिश पंथाच्या स्त्रियांविषयी अशी कथा सांगितली जाते की, परिपूर्णता ही ईश्वराचीच, मनुष्याने तिचा दावा करू नये, या भावनेने त्या आपल्या रजईत एक तरी तुकडा मुद्दाम चुकीचा बसवितात. कथा ऐकावयास गोड आहे. तथापि रजयांच्या इतिहासाचे अभ्यासक तिला दंतकथा समजतात, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. ज्या बाईने एकदा तरी गोधडी पुरी केली आहे तिला मुद्दाम चूक करण्याची गरज पडत नाही, आणि जी मुद्दाम केली तिला चूक म्हणणेही कठीण आहे. त्याच न्यायाने, हाताच्या धावदोऱ्याचा आभास निर्माण करणारे जे टाके आता शिलाईयंत्रांत येतात त्यांच्याविषयीही मला आदर वाटत नाही. प्रामाणिक चूक आणि प्रामाणिक सफाई या दोहोंना मान द्यावा. चुकीची नक्कल करू नये.

अमेरिकेतलेच दुसरे उदाहरण मात्र आपल्या बचत गटांनी लक्षपूर्वक पाहावे असे आहे. अलाबामा राज्यात नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ही वस्ती. तिथल्या स्त्रिया शेतात घालून झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या रजया पिढ्यानपिढ्या शिवीत आल्या, आणि त्या रजयांतली रेघ क्वचितच सरळ असते. 1966 मध्ये त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी या नावाची सहकारी संस्था काढली. माल मोठ्या दुकानांत जाऊ लागला तशी एकसारखेपणाची मागणी आली. 1972 मध्ये सीअर्स या कंपनीने कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे काम दिले आणि ते ठरावीक मापात, ठरावीक रंगांत करून द्यावे लागले. त्या कामाने चार पैसे घरात आले, त्याला मी नावे ठेवीत नाही. परंतु त्या कापडाचे उरलेले तुकडे घरी नेऊन बायकांनी स्वतःच्या कुटुंबासाठी आपल्या मर्जीने ज्या रजया शिवल्या, त्या आज लोक डोळे भरून पाहतात. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात जीज बेंडच्या रजयांचे प्रदर्शन भरले, ते पुढे न्यूयॉर्कला गेले, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर दहा तिकिटे काढली. ठरावीक मापाच्या अभ्र्यांवर कुणी तिकीट काढले नाही.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. गोव्याच्या शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, त्यांतले अनेक पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले. त्यांच्या बायका जी कवंदी शिवतात तिचा आराखडा आधी काढीत नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, कडेकडेने फिरत मध्याकडे येत, हाताला येईल तो तुकडा कडा दुमडून त्या जागच्या जागी बसवीत जातात. तुकडा लहान पडला तर पुढचा मोठा घ्यावयाचा. अशा पद्धतीत चूक ही पुढच्या टाक्याची तजवीज करून पुढे जाते, आणि आपल्या आजीपणजींचीही वहिवाट मुळात याहून फारशी वेगळी नव्हती.

यावर ग्राहकाच्या बाजूने एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. घरच्या गोधडीला वाटेल ती सवलत द्या, पण रोख पैसे मोजणाराने वाकडा माल का घ्यावा? माझे उत्तर असे की, पैसे मोजणाराने आजच्यापेक्षा अधिक कडक व्हावे, मात्र योग्य जागी. आज प्रदर्शनांत जो माल 'सफाईदार' म्हणून चटकन उचलला जातो त्याच्यात कोऱ्या, न धुतलेल्या कापडाचे थर असलेले, ओळी आखीव पण टाके सैल, आणि गाठीऐवजी दोरा नुसता कापून सोडलेला, असे नग मी स्वतः पाहिले आहेत; पहिल्या धुण्यात त्यांची काय अवस्था झाली असेल हे सांगावयास नको. नजरेच्या चुकांवर सारे लक्ष खर्ची पडले की हाताच्या चुका निसटतात. प्रशिक्षणाच्या चार दिवसांपैकी रेघा आखण्यात जो वेळ जातो, तो थर टाचण्यात, गाठ मारण्यात आणि कापड आधी धुऊन घेण्यात गेला, तर तक्रारी कमी येतील याविषयी मला शंका नाही.

आणि शिकणाऱ्या मुलींचा विचार कुणी करतो का? पहिली ओळ वाकडी आली की सुई खाली ठेवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. "मला नाही जमायचं" असे त्या म्हणतात, आणि छापील नमुन्याशी आपली ओळ ताडून पाहण्याची सवय त्यांना आपणच लावलेली असते. पहिली ओळ वाकडीच येते. दहावीही बहुधा येते. तिला उसवायला न लावता अकरावी घालायला सांगणे, हे त्या वेळी शिकविणाराचे काम आहे. आजीने माझी मागे वळलेली ओळ पाहिली नव्हती असे मुळीच नाही. तिने ती पाहून पदरात घेतली होती, आणि त्यामुळेच मी दुसरे दुपटे शिवायला बसले.

म्हणून बचत गटांच्या संचालकांना, प्रशिक्षिकांना आणि परीक्षकांना माझी विनंती आहे की, मालाच्या तपासणीच्या तक्त्यातून सरळ रेघेचा रकाना तूर्त काढून टाकावा आणि त्या जागी गाठ, थर व धुलाई हे तीन रकाने घालावेत. आणि घेणाऱ्यांना सांगणे असे की, गोधडी हातात आली म्हणजे आधी ती उलटी करावी, दोन तळहातांच्या मध्ये धरून सावकाश सरकवीत न्यावी, काठाला दोन्ही हातांनी एक ओढ देऊन पाहावी, कापड शिवण्यापूर्वी धुतले होते का ते विचारावे. एवढे करून कुठे एखादी तिरपी ओळ दिसलीच, तर गोधडी खाली ठेवण्यापूर्वी ती शिवणाऱ्या बाईंना तिच्याबद्दल विचारावे, आणि त्या सांगतील ते पुरते ऐकून घ्यावे.